चार कोटी ओळी, चौदा फेऱ्या

राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर, लॅपटॉप आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत बहुतेक घरांतली मांडणी हीच. राउटरच्या अँटेनातून साधारण १०० मिलिवॉट ताकदीची लहर निघते. लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा पाहिला तर तो उणे ७० डीबीएमच्या आसपास दिसतो. तेवढ्यावर व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो, त्यामुळे त्या उण्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण ह्या मोजणीत दर दहा अंकांना ताकद दहापट घटते. १०० मिलिवॉट म्हणजे अधिक २०. अधिक २० पासून उणे ७० पर्यंत नव्वद अंकांची घसरण, म्हणजे नऊ वेळा दहापट. राउटरने सोडलेल्या ताकदीचा एक अब्जांश भाग लॅपटॉपच्या वाट्याला येतो, आणि त्यावर आपलं ऑफिस चालतं.

उणे ९० वर जोडणी धापा टाकू लागते. तिथे हातात उरतो एक पिकोवॉट, एका वॉटचा लाख-कोटीवा भाग. तरीही ह्या लहरीचा एकेक फोटॉन इतका फुटकळ ऊर्जेचा असतो, की एका पिकोवॉटमध्येसुद्धा दर सेकंदाला ६२ हजार कोटी फोटॉन येऊन आदळतात. सेकंदाला ६० लाख बिट एवढ्या संथ गतीने माहिती येत असली, तर प्रत्येक बिटामागे लाखभर फोटॉन पडतात. निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही, एवढं नक्की.

थोडं विषयांतर. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांनी उभारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातल्या स्रोतांची तीव्रता जान्स्की ह्या एककात मोजतात. एक जान्स्कीचा स्रोत, आणि वाय-फायच्या एका चॅनेलएवढाच २० मेगाहर्ट्झचा पट्टा धरला, तर अशा एका तबकडीच्या हाती साधारण एका पिकोवॉटचा दहा हजारावा भाग लागतो. खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी एक जान्स्की म्हणजे चांगला ठळक स्रोत. ते त्याच्या हजाराव्या भागामागे लागतात. तेव्हा आतल्या खोलीतला लॅपटॉप फार क्षीण काही ऐकतो अशातला भाग नाही. त्याची खरी कसोटी वेळेची आहे.

सहाव्या चॅनेलची वारंवारता २४३७ मेगाहर्ट्झ. म्हणजे लहर सेकंदाला २४३ कोटी ७० लाख वेळा वरखाली होते आणि एका आंदोलनाची लांबी जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटर भरते. माहिती चार-चार मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत पाठवली जाते. अशा एका तुकड्यात लहरीची ९७४८ आंदोलनं बसतात आणि ५४ मेगाबिटच्या जुन्या वाय-फायमध्येही २१६ बिट कामाची माहिती बसते. तुकड्या-तुकड्यांनी बनलेलं पाकीट पूर्ण पोचलं, की घेणाऱ्याने १० मायक्रोसेकंदांत ‘मिळालं’ अशी पोच द्यायला सुरुवात करायची. नाही दिली, तर पाठवणारा ते पाकीट हरवलं असं समजून पुन्हा पाठवतो.

१० मायक्रोसेकंद किती? सीबीएस बसस्थानकाहून निघालेला प्रकाश तेवढ्या वेळात तीन किलोमीटर जातो. नाशिक रोड स्टेशन अजून दूर असतं. नाशिकमध्ये जन्मलेले रमेश रासकर ह्यांच्या एमआयटीतल्या गटाने २०११ मध्ये प्रकाशाची धाव टिपणारा कॅमेरा जगाला दाखवला. सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रं, असा त्याचा वेग सांगितला गेला. त्या वेगाने पोच देण्याच्या ह्या अवधीचं चित्रीकरण केलं तर एक कोटी चित्रं होतील, आणि सिनेमाच्या २४ चित्रांच्या गतीने ती बघत बसलो तर जवळजवळ पाच दिवस लागतील.

तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला १० मायक्रोसेकंदांत ३० हजार ठोके मिळतात. भरपूर वाटतात. पण वीज वाचवण्यासाठी गाढ झोपी गेलेला प्रोसेसर जागा व्हायलाच शंभर मायक्रोसेकंद किंवा जास्त घेऊ शकतो. म्हणून पोच देण्याचं काम वाय-फायची चिप परस्पर उरकते. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, त्या क्षणी हजरच नसतो. त्याला मागाहून कळतं: एवढी पाकिटं आली, एवढी गेली, एवढी पडली. काही बिघडलं तर ड्रायव्हरची साक्ष ही नेहमी ऐकीव साक्ष असते. वाय-फाय ड्रायव्हरच्या चुका शोधणं एवढं किचकट का, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर कर्नलच्या आकारात. लिनस टोर्वाल्ड्सने सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती इंटरनेटवर ठेवली तेव्हा ती सुमारे दहा हजार ओळींची होती. जानेवारी २०२५ मध्ये कर्नलने चार कोटी ओळींचा आकडा गाठला. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचा आहे. दर सेकंदाला एक ओळ, झोप नाही, जेवण नाही, अशा वेगाने वाचायला बसलं तर ४६३ दिवस लागतील. आणि तोवर वाचलेलं शिळं झालेलं असेल. नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. प्रत्येकीत साधारण बारा ते पंधरा हजार बदल, सुमारे दोन हजार माणसांच्या हातचे. ताशी आठ-नऊ बदल, रात्रंदिवस. तुमचं वाचन संपेपर्यंत सात आवृत्त्या निघून गेलेल्या असतील आणि लाखाच्या घरात बदल झालेले असतील. हे पुस्तक एकट्याने वाचून संपवणं आता कुणाच्या आवाक्यात राहिलेलं नाही, खुद्द लिनसच्याही नाही.

आता ‘नेट जातंय’ ह्या तक्रारीकडे येऊ. आतून पाहिलं तर ही तक्रार फार वेगळी दिसते.

प्रत्येक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. तिला बीकन म्हणतात. दिवसाला बरोबर ८,४३,७५० बीकन. प्रत्येक बीकनमध्ये मायक्रोसेकंदांत मोजणारं ६४ बिटांचं घड्याळ असतं. ते पूर्ण फिरून शून्यावर यायला ५ लाख ८४ हजार वर्षं लागतील. प्रत्यक्षात वीज गेली की बहुतेक राउटर पुन्हा शून्यापासून मोजू लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते आठवड्याभरात किती वेळा होतं हे सांगायला नको.

लॅपटॉपची चिप वीज वाचवण्यासाठी दोन बीकनांच्या मध्ये डुलकी काढते आणि पुढच्या हाळीच्या आधी नेमकी जागी होते. निदान व्हायला हवी. उठायला उशीर झाला तर बीकन हुकतो. कर्नलमधला वाय-फायचा सामाईक थर, ज्याला मॅक-८०२११ म्हणतात, लागोपाठ सात बीकन हुकले की अस्वस्थ होतो. सात बीकन म्हणजे पाऊण सेकंदही नाही. मग तो राउटरला थेट हाक मारतो, अर्धा सेकंद वाट पाहतो, आणखी एक-दोनदा प्रयत्न करतो आणि शेवटी नोंदवहीत राउटरशी संपर्क तुटल्याची एक ओळ लिहून मोकळा होतो. एवढ्यात कॉलवरचा माणूस गोठलेला असतो आणि आपण राउटर बंद-चालू करायला उठलेलो असतो.

वेळ मोजण्यातल्या चुकांची कर्नलला इतकी धास्ती आहे, की त्यासाठी केलेली एक युक्ती मला फार आवडते. कर्नलचा ठोके मोजणारा एक गणक आहे. सेकंदाला हजार ठोके धरले तर ३२ बिटांचा हा गणक ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. एखाद्या ड्रायव्हरने त्या क्षणाचा विचार केला नसेल, तर यंत्र दीड महिना सुरळीत चालेल आणि मग एका दुपारी कारण नसताना बिघडेल. अशी चूक पकडणार कशी? कर्नलवाल्यांनी गणक शून्यापासून सुरूच केला नाही. तो भरायला पाच मिनिटं कमी असलेल्या आकड्यापासून सुरू होतो. पन्नासाव्या दिवशी बाहेर येणारी चूक यंत्र चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला लिहिणाऱ्याच्याच टेबलावर फुटते.

पण प्रत्येक तुटलेल्या जोडणीला ड्रायव्हर जबाबदार नसतो. समजा, एका इमारतीत ३० राउटर ऐकू येतात आणि ते १, ६ आणि ११ ह्या तीन चॅनेलांवर सारखे वाटले गेले आहेत. एका चॅनेलवर दहा. जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी बीकन एक मेगाबिटच्या संथ गतीने जात असतील आणि प्रत्येकी ३०० बाइटचे असतील, तर एकाला २.६ मिलिसेकंद लागतात. दहा राउटरांचे मिळून सेकंदाला ९८ बीकन. गुणाकार केला तर त्या चॅनेलचा पाव वेळ नुसत्या हाळ्यांत जातो. अजून कुणी काही उघडलेलंही नाही.

हे बीकन नेहमीच निरुपद्रवी असतात असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या एका संशोधकाने कर्नलच्या ह्याच सामाईक थरातल्या काही चुका उघड केल्या. त्यांतली एक २०१९ पासून आत दबून बसलेली होती. मुद्दाम बिघडवलेला बीकन हवेत सोडला, तर जोडणी न करता नुसती आसपासची नेटवर्कं चाचपणारा लॅपटॉपही कोसळू शकत होता. दुरुस्ती लगोलग झाली. साडेतीन वर्षं मात्र ती चूक जगभरातल्या असंख्य यंत्रांत होती.

गर्दीचा विषय निघाला आहे आणि २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, तर एक गणित करूनच टाकू. वाय-फायच्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा पत्ता असतो; असे २८१ लाख कोटी पत्ते शक्य आहेत. हल्लीचे फोन खासगीपणासाठी खरा पत्ता लपवून यदृच्छेने बनवलेला वापरतात. त्यातले दोन बिट नियमाने ठरलेले, उरलेले ४६. म्हणजे ७० लाख कोटी पत्ते. दोन फोनांनी एकच पत्ता उचलला असण्याची शक्यता निम्म्यावर यायला किती फोन लागतील? सहज वाटेल, काही लाख कोटी. गणिताचं उत्तर ९८ लाख ८० हजारांच्या आसपास येतं. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तिच्या साडेसहापट फोन झाले की झालं. वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, तेच हे गणित. असे जुळे फोन एकाच राउटरवर आल्याशिवाय बिघडत काहीच नाही. तरीही ‘हे घडणं अशक्य’ असं ड्रायव्हरमध्ये गृहीत धरणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आता प्रत्यक्ष शोध. समजा, नव्या कर्नलनंतर लॅपटॉपचं वाय-फाय सरासरी दोन तासांनी एकदा तुटतं. आधीच्या आवृत्तीत तुटत नव्हतं. पहिली पायरी कर्नलची नोंदवही, डीमेसेज. तिथे कधी कधी एक आकडा भेटतो, जो ह्या धंद्यातला माणूस झोपेतही ओळखेल: ४,२९,४९,६७,२९५. ३२ च्या ३२ बिट एक असले की हा आकडा बनतो. ड्रायव्हर चिपच्या एखाद्या रजिस्टरमधली किंमत वाचायला गेला आणि पलीकडून कुणी उत्तरच दिलं नाही, की पीसीआय एक्सप्रेसची तार हेच परत करते. चिप झोपेतून उठलेली नसते किंवा तारेवरून निसटलेली असते. हा आकडा खरा मानणाऱ्या ड्रायव्हरला मग ४२९ कोटी पाकिटं आल्याचं वाटतं, आणि पुढचा गोंधळ त्या श्रद्धेतून होतो. शहाणे ड्रायव्हर वाचल्यावर आधी हा आकडा तर नाही ना, ते तपासतात.

नोंदवही गप्प असेल तर मनात येतं, ड्रायव्हरमध्ये जागोजागी छापायला सांगू. इथे वेग आडवा येतो. एक गिगाबिटच्या जोडणीवर १५०० बाइटची पाकिटं सेकंदाला ८३ हजार येतात, एकामागे १२ मायक्रोसेकंद. जुन्या पद्धतीच्या सिरियल तारेवरून ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सात मिलिसेकंद जातात. एक ओळ छापून होईस्तोवर सुमारे ५८० पाकिटं निघून गेलेली असतात. छापण्याने ड्रायव्हर मंदावतो, वेळेचं गणित बदलतं आणि चूक गायब होते. छपाई काढली की परत हजर. सगळीच पाकिटं साठवायची म्हटलं तर तासाला ४५० जीबी. म्हणून कर्नलमध्ये ट्रेसिंगची वेगळी सोय आहे, जी घटना मेमरीत टिपून ठेवते आणि वाचन नंतर करू देते.

ह्या सगळ्यांतून काहीच हाती लागलं नाही, तरी एक उपाय उरतो. माझ्या मते ह्या लेखातला सर्वांत थक्क करणारा आकडा त्याचाच आहे, आणि तो आहे लहान. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत ठिबकची मेनलाइन चोकअप झाली तर शेतकरी एकेक ड्रिपर तपासत बसत नाही. मधोमध नळी उघडतो, पाणी आलं तर पुढे बघतो, नाही आलं तर मागे. कर्नलमध्येही तेच करता येतं. जुनी चांगली आवृत्ती आणि नवी बिघडलेली, मध्ये १४ हजार बदल. बरोबर मधला बदल निवडायचा, तिथपर्यंतचा कर्नल बनवायचा, चालवायचा, चांगला की वाईट ते सांगायचं. उरले सात हजार. मग साडेतीन हजार. चौदा फेऱ्यांत बोट एका बदलावर येतं. लिनसने एप्रिल २००५ मध्ये लिहिलेल्या गिट ह्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ह्यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. २०२० च्या सुमारास कर्नलच्या बदलांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. एवढ्या सगळ्या इतिहासात शोधायचं म्हटलं तरी एकवीस फेऱ्या पुरतात. आणि चार कोटी ओळींपैकी एकही समजायची गरज नाही. ‘तुटलं’ की ‘नाही तुटलं’ एवढं सांगता आलं, की झालं.

पेच आहे तो ह्या ‘नाही तुटलं’ मध्ये. सरासरी दोन तासांनी तुटणारं वाय-फाय तीन तास टिकलं, तर कर्नल चांगला म्हणायचा का? ९५ टक्के खात्री हवी असेल तर सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सहा तास थांबावं लागतं. चौदा फेऱ्यांत निम्मे कर्नल खरोखर वाईट निघाले आणि प्रत्येक वेळी पाच टक्के चुकण्याची शक्यता राहिली, तर सगळे निर्णय बरोबर ठरण्याची शक्यता ७० टक्क्यांवर येते. एकदा जरी वाईटाला चांगला म्हटलं, की पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात चालतो आणि शेवटी भलत्याच, निरपराध माणसाच्या बदलावर बोट ठेवतो. खात्री ९९ टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक वेळी नऊ तासांहून जास्त थांबा. वाईट निघणारे निम्मे कर्नल सरासरी दोन तासांतच तुटतात, म्हणून एकूण हिशेब सुमारे ७८ तास, कर्नल बनवण्याचा वेळ वेगळा.

अनुभवी माणूस म्हणूनच कोडला हात लावण्याआधी चूक लवकर घडवून आणण्याची युक्ती शोधतो. झाकण मिटून उघडलं की तुटतं का? वीजबचत चालू असतानाच तुटतं का? मोठी फाइल ओढताना? दोन तासांची सरासरी दोन मिनिटांवर आणता आली, तर ७८ तासांची ७८ मिनिटं होतात. रासकरांच्या कॅमेऱ्याचाही आधार हाच होता. प्रकाशाचं तेच स्पंदन लाखो वेळा सोडून त्याने एकेक चित्र जुळवलं. पुन्हा घडवता येतं तेच नीट पाहता येतं. बाकीच्या युक्त्या त्यामानाने साध्या: शोध फक्त वायरलेसच्या फोल्डरांपुरता ठेवला आणि तिथले बदल समजा पाचशे असले, तर चौदाच्या नऊ फेऱ्या होतात. चालू असलेल्या मॉड्यूलांपुरताच कर्नल बनवण्याची सोय वापरली, तर जुन्या लॅपटॉपवर तासन्‌तास चालणारं काम मिनिटांत आटोपतं.

कर्नलचा एक नियम पाळला जातो: आधी चालत होतं ते नव्या बदलाने बिघडता कामा नये. दोषी बदल सापडला आणि दुरुस्ती जमली नाही, तर तो मागे घेतला जातो. पण देखरेख करणाऱ्यांकडे तुमची चिप, तुमचा राउटर आणि तुमच्या इमारतीतले तीस शेजारी हे मिश्रण नसतं. ते फक्त तुमच्याकडे आहे. तेव्हा नव्या कर्नलनंतर वाय-फाय तुटू लागलं, तर जुन्या आवृत्तीवर परत जाऊन गप्प बसू नका. कोणत्या आवृत्तीत चालत होतं, कोणत्या आवृत्तीत तुटलं आणि काय केलं की लगेच तुटतं, एवढं लिहून कळवा. जमलं तर त्या चौदा फेऱ्याही करा.